मोठे टायर घेण्याआधी टेप हातात घ्या

आजचा विषय जरा तेलकट हातांचा आहे. इथे अमेरिकेत वाढलेला आपला मुलगा किंवा मुलगी सुट्टीतल्या नोकरीचे पैसे साठवून एखादी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेते, आणि पंधरा दिवसांत पुढची मागणी येते: "बाबा, मोठे टायर टाकू या?" अशा वेळी लगेच "नको" म्हणू नका, आणि लगेच "टाक" असंही म्हणू नका. एक टेप आणि एक कागद घेऊन दोघं टेबलाशी बसा.

उदाहरण म्हणून १९९६ ते २००२ मधली टोयोटा फोररनर घेऊ. यातल्या पुष्कळ गाड्यांवर कंपनीचा टायर असतो २६५/७० आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ७० टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. गणित केलं तर हा टायर साधारण ३०.६ इंच उंच होतो. मुलांना हवा असतो तो बहुधा २८५/७५ आर १६, म्हणजे जवळजवळ ३३ इंच. फरक दिसायला सव्वादोन इंच. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, एक इंचाहून जेमतेम थोडी जास्त. बाकीची वाढ वर, पुढे आणि मागे जाते, आणि तिथे मडगार्ड, बंपर आणि बॉडीचा पत्रा आधीच बसलेले असतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

ड्राइव्हवेमध्ये टायर बसला म्हणजे बसला असं समजू नका. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, रिव्हर्समध्येही फिरवून बघा. मग एक चाक रॅम्पवर चढवून पुन्हा तेच करा. वळताना खड्डा आला की घासतो तो टायर आणि उभ्या गाडीत छान दिसणारा टायर एकच असतो.

आता स्पीडोमीटर. ३३ इंची टायर एका फेरीत सुमारे सात टक्के जास्त रस्ता कापतो. काटा ६५ मैल दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ७० ने धावत असते. पोलिसाला हे गणित सांगून उपयोग नाही. शिवाय मोठा टायर जड असतो. तो फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला. कोलोरॅडोच्या घाटात चढताना याचा नुसता वैताग येतो, उतरताना मात्र धोका असतो. टायर बसावा म्हणून गाडी आणखी उचलली, तर तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. जुन्या उंच गाड्या अचानक वळवल्या तर उलटू शकतात, आणि गाडी चालवणारं पोर सतरा वर्षांचं असू शकतं.

पैसे वाचवण्यासाठी जुनी रिम घेतली जाते, कधी दोन एका गाडीची आणि दोन दुसरीची. इथे चार गोष्टी तपासा. पहिली, भोकं. फोररनरला सहा नट असतात, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. २००७ ते २०२१ मधल्या टुंड्राला पाच, १५० च्या वर्तुळावर. दोन्ही टोयोटाच, पण एकाची रिम दुसरीला लागत नाही. दुसरी, मधलं भोक हबवर नीट बसतं का. तिसरी, ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते. ती फार बाहेर आली तर वळताना घासते आणि बेअरिंगवर जास्त ताण येतो. चौथी गोष्ट सगळ्यात लहान आणि सगळ्यात घातक, ती म्हणजे नट. कंपनीच्या ॲल्युमिनियम रिमचा नट सरळ दांड्याचा असतो आणि त्याला सपाट वायसर असतो. स्टीलच्या आणि बाजारातल्या बऱ्याच रिमना निमुळता नट लागतो. आटे जुळले म्हणून नट जुळला असं होत नाही. चुकीचा नट घट्ट वाटतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. नट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा, आणि पन्नासएक मैल चालल्यावर पुन्हा तपासा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे बैलगाडीची दोन्ही चाकं सुतार एकाच मापाची करायचा आणि लोहार दोन्हींवर सारखीच धाव चढवायचा. फोर-व्हील-ड्राइव्हला तर चारही चाकं सारखी लागतात. समजा पुढे जुने ३०.६ इंची टायर ठेवले आणि मागे ३३ इंची घातले. एका मैलात पुढची चाकं मागच्यांपेक्षा सुमारे ४५ फेऱ्या जास्त घेतील. पण फोर-व्हीलचा लिव्हर टाकला की अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, दोघांनी सारखंच फिरायचं. हा ४५ फेऱ्यांचा हिशेब मग टायर घसरून तरी भागतो, नाहीतर गिअरच्या दातांवर येतो. चिखलात टायर घसरतो. कोरड्या रस्त्यावर तो घसरत नाही, मग भार गिअरबॉक्स सोसतो. त्याची दुरुस्ती कधी कधी गाडीच्या किमतीइतकी होते.

म्हणून हिशेब चार टायरचा करू नका, पाचांचा करा. स्टेपनीही त्याच मापाची हवी. फोररनरची स्टेपनी मागे खाली टांगलेली असते, मोठा टायर तिथे मावतो का ते आधी मोजा. नाइलाजाने लहान स्टेपनी लावावी लागली, तर ती पुढच्या बाजूला लावा, गाडी टू-व्हीलमध्ये ठेवा आणि हळूहळू जवळच्या दुकानापर्यंतच जा.

जुना टायर स्वस्तात मिळाला तर त्याच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतरचा क्रमांक पाहा. शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी रबर म्हातारं होतंच. मडगार्डबाहेर टायर किती यावा, बंपर किती उंच असावा, याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. ते वाचा, आणि केलेला बदल विमा कंपनीलाही कळवा.

मग मुलाला काय सांगायचं? बहुतेक कच्च्या रस्त्यांना आणि कॅम्पिंगला २६५/७५ आर १६ पुरतो. तो कंपनीच्या टायरपेक्षा साधारण एक इंच उंच आहे. असे पाच सारखे नवे टायर, हवा मोजायचा चांगला गेज आणि लहान पंप. वाळूत हवा थोडी कमी केली की तोच टायर पसरतो आणि पकड घेतो. हायवेवर येण्याआधी ती पुन्हा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

मुलाची हौस मोडू नका. कागदावरचं गणित त्यालाच करू द्या, नट त्यालाच आवळू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. त्याच गाडीत उद्या त्याची धाकटी बहीण बसणार आहे, हे त्याला सांगितलं की टेप तो स्वतःच हातात घेईल.