दर्याचे पीक आणि थांबण्याची ताकद



आठवडी बाजारातून आपण सुकट आणतो, बोंबील आणतो, ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो. हे पीक काढणाऱ्याच्या हाती काय पडते, हे मात्र आपण विचारत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. कोळी बांधव आता आपल्या पंक्तीत बसले. या पंक्तीत ताटात काय वाढतात, ते आपल्याइतके कोणाला ठाऊक?

त्यांचा हिशोब मांडून पाहू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीसाठी ती हवीच. पण दोन महिने चूल बंद ठेवता येत नाही. होडीची डागडुजी, नवे जाळे, खलाशांची उचल, पहिल्या फेरीचे डिझेल आणि बर्फ, हा सारा खर्च याच सुमारास येतो. जूनमध्ये आपण बियाण्यासाठी हात पसरतो. त्याच जूनमध्ये नाखवा जाळ्यासाठी पसरतो. पैसे देणारा व्यापारी पुष्कळदा एकच अट घालतो: मासळी मलाच घालायची. होडी समुद्रात जाण्याआधीच भाव पडला!

आपला कापूस घरात चार दिवस तरी थांबतो. ओला बोंबील थांबत नाही. त्यात बहुतेक पाणीच. बर्फ नसला तर संध्याकाळपर्यंत मालाची माती. थांबायची ताकद नाही, त्याला भाव नाही.

ही ताकद कोळणींनी उन्हातून मिळवली. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर सुकवलेला बोंबील महिनेच्या महिने टिकतो, म्हणून तर तो आपल्या गावापर्यंत पोचतो. निवडणे, सुकवणे, पाटी घेऊन बाजार गाठणे हे बायांचे काम. घरची रोकड त्यांच्या हातून येते. अवकाळी पाऊस आपली ज्वारी काळी करतो, तसाच त्यांचे वाळवण नासवतो.

पालघर जिल्ह्यात सातपाटीच्या मच्छिमारांनी आणखी एक वाट काढली. सहकारी संस्था उभारून त्यांनी बर्फ, डिझेल आणि पापलेटची विक्री आपल्या हाती घेतली. बर्फ ज्याच्या हाती, त्याला थांबता येते. थांबता येते, त्याला भाव विचारता येतो.

दर्जाचा कागद आपल्याकडेही आहे, भावांनो. कोळी बांधवांना आपले एवढेच सांगणे: कागद घ्या, पण जूनचे कर्ज आणि ऑगस्टचा बर्फ कोणाच्या हाती आहे, ते आधी पाहा. आपणही तेच पाहू या.