एका ‘अवाजवी’ शब्दाची गोष्ट



मी कायदा शिकवतो. आज तुम्हाला एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे. हा शब्द एका करारातून काढून टाकला गेला, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो.

विद्यार्थी असताना आंतरराष्ट्रीय कायद्यातला एक धडा मला फार कंटाळवाणा वाटायचा. मसुदे कसे तयार होतात, हा तो धडा. समिती बसली, चर्चा झाली, कलम परत पाठवलं, पुन्हा समिती बसली! पुढे शिक्षक झालो, तरी तो धडा मी एका तासात उरकून टाकत असे.

मग १७ जुलै २०१९ चा दिवस आला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल दिला. जाधव भारतीय नौदलाचे माजी अधिकारी, घर मुंबईत. ३ मार्च २०१६ पासून ते पाकिस्तानच्या ताब्यात होते. पाकिस्ताननं हेरगिरी आणि दहशतवादाचा आरोप ठेवला, भारतानं तो नाकारला. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयानं त्यांना फाशीची शिक्षा सुनावली आणि मे महिन्यात भारत हेगला गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, “सर, न्यायालय ज्या कलमावर बोललं, ते लिहिलं कोणी?”

मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी गेलो आणि तो कंटाळवाणा धडा पहिल्यांदा मन लावून वाचला.

ते कलम म्हणजे वाणिज्य दूत संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम. परदेशात तुम्हाला अटक झाली, तर आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा तुमचा हक्क त्यात आहे. आणि हा हक्क तुम्हाला आहे, हे तुम्हाला सांगण्याचं बंधन अटक करणाऱ्यांवर आहे.

या कराराचा मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं तयार केला. आमसभेनं १९४७ मध्ये हा आयोग स्थापन केला. १९४९ मध्ये पहिली बैठक झाली तेव्हा १५ सदस्य होते, आज ३४ आहेत. सदस्य निवडतात देश, पण निवडून आल्यावर ते देशाचे वकील म्हणून बसत नाहीत, स्वतःच्या जाणकारीवर बसतात. आपल्या राज्यघटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव पहिल्या सदस्यांपैकी एक होते. त्यांच्यानंतर आले राधाबिनोद पाल.

आयोगाची पद्धत साधी आणि संथ आहे. एका विषयासाठी एक सदस्य विशेष प्रतिवेदक होतो. जगभरचे करार, निकाल, प्रथा गोळा करून तो अहवाल मांडतो. इतर सदस्य त्यावर तुटून पडतात. मग मसुदा समिती शब्द न् शब्द घासते. मसुदा सरकारांकडे जातो, त्यांचे शेरे येतात, पुन्हा चर्चा होते. प्रत्येक कलमाखाली त्याचं कारण सांगणारं भाष्य लिहिलं जातं. वाणिज्य दूत संबंधांच्या विषयाचे प्रतिवेदक होते चेकोस्लोव्हाकियाचे यारोस्लाव झोउरेक. काम १९५५ मध्ये सुरू झालं, अंतिम मसुदा १९६१ मध्ये आला. या सगळ्या काळात पाल आयोगावर होते.

आता आपला शब्द. आयोगाच्या मसुद्यात लिहिलं होतं की अटकेची खबर ‘अवाजवी विलंब न करता’ द्यावी. ‘अवाजवी’ का? भाष्यात कारण दिलं आहे. काही वेळा संशयिताला काही काळ कोणाच्याही संपर्काविना ठेवावं लागतं, त्याला जागा हवी. हेरगिरीचा प्रश्नही आयोगाच्या चर्चेत निघाला होता.

१९६३ मध्ये देशांचे प्रतिनिधी व्हिएन्नाला जमले. कारण तज्ज्ञांचा मसुदा म्हणजे कायदा नव्हे, सरकारांनी तो स्वीकारावा लागतो. तिथे ब्रिटननं सुचवलं, ‘अवाजवी’ काढा. हा शब्द ठेवला तर थोडा विलंब चालतो असा अर्थ निघेल. शब्द गेला. उरलं फक्त ‘विलंब न करता’.

आता २०१९ मध्ये परत या. पाकिस्तानचा एक मुद्दा असा होता की हेरगिरीच्या संशयिताला हे कलम लागूच होत नाही. न्यायाधीशांनी कलम वाचलं. असा अपवाद त्यात नव्हता. मग त्यांनी आयोगाच्या १९६० च्या चर्चेची इतिवृत्तं तपासली. तिथेही तेच दिसलं: हेरगिरीचा विषय निघाला होता, पण म्हणून कोणाला कलमाबाहेर ठेवलं नव्हतं. अटकेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी भारताला कळवणं म्हणजे ‘विलंब न करता’ नव्हे, असं न्यायालय म्हणालं. कलमाचा भंग झाला, हा निर्णय १५ विरुद्ध १ मतांनी झाला.

‘अवाजवी’ राहिला असता तर निकाल बदलला असता, असं मी म्हणणार नाही. पण तीन आठवडे वाजवी की अवाजवी, यावर वाद घालायला जागा नक्की मिळाली असती.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. न्यायालयानं सुटकेचा आदेश दिला नाही. भारताची ती मागणी फेटाळली. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, एवढंच सांगितलं. शब्दानं तुरुंगाचं दार उघडत नाही. पण दार ठोठावण्याचा हक्क मिळतो, आणि तो नसता तर काहीच नसतं.

याच कलमाचा आधार घेऊन मेक्सिको अमेरिकेविरुद्ध उभा राहिला होता. तो निकाल २००४ चा. १९६० मध्ये टेबलाभोवती बसलेल्या माणसांना ना ते मेक्सिकन कैदी माहीत होते, ना जाधव. आपण लिहितो ते कोणाच्या कामी येईल हे ठाऊक नसताना त्यांनी वाद घातले, आणि मुख्य म्हणजे त्या वादांची नोंद ठेवली.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या समितीवर असाल. सोसायटीची, शाळेची, ऑफिसातली. नियम लिहिताना कोणीतरी एका शब्दावर अडून बसेल. घड्याळाकडे बघू नका. त्याचं ऐका, आणि शब्द का ठेवला, का काढला, हे दोन ओळींत लिहून ठेवा.

मी आता तो धडा एका तासात उरकत नाही. चार तास घेतो. सुरुवात त्या मुलीच्या प्रश्नानं करतो.