परतीचा सामना
(वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक झालेच आहे. ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही, त्यांच्यासाठी मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा यांच्या नायकत्वाखाली पोर्तो संघाने २००४ साली युरोपचे क्लब-विजेतेपद मिळविले. पुढे प्रशिक्षक म्हणून रुमानिया, सायप्रस, गॅबन, फ्रान्स असे देशोदेशी फिरून ते २०१८ साली मुंबई सिटी संघाकडे आले. एटापल्लीहून सिरोंच्यास बदलून गेलेल्या शिक्षकास ठाऊक असते की, जुनी कीर्ती नव्या गावी उपयोगी पडत नाही.

मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत गोव्याच्या संघाने मुंबईत येऊन त्यांचा ५-१ असा पाडाव केला. तीनच दिवसांनी गोव्यात परतीचा सामना होता. दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र मोजावयाचे असल्याने अंतिम फेरी हातची गेल्यासारखीच होती. तरीही कोस्टांचा संघ तेथे १-० असा जिंकला. अंतिम फेरी हुकली, पत राहिली.

माझा मुलगा नापास झाला, त्या वर्षी मी त्यास या समारंभास आणले नाही. लोक काय म्हणतील, ही भीती. ती खंत आजही आहे.

कोस्टा ५ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी निवर्तले. पुरवणी परीक्षा हाही परतीचा सामनाच होय. पालकहो, घरी ठेवून आलेल्या त्या मुलांस पुढील वर्षी बरोबर आणा, एवढीच विनंती.