झीज आणि बळकटी : स्वागताध्यक्षांचे भाषण



ग्राफाइटयुक्त ॲल्युमिनियम संमिश्रांवरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

ही परिषद दादरला भरते आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो. १८८७ साली भायखळ्यात सुरू झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला आलेली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था जवळच आहे. परळला रेल्वेचे वर्कशॉप आहे. बेअरिंग झिजले की माग थांबतो, हे लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या फिटरला कुणी शिकवावे लागले नाही.

आपण ज्या लोकलने आलात, तिच्याही टपावर झिजेचा हाच विषय आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली. आज टपावरची कार्बनची पट्टी विजेच्या तारेला घासत जाते. सरळ मार्गावरही ती तार मुद्दाम नागमोडी ताणतात, म्हणजे पट्टीला एकाच जागी खाच पडत नाही.

आपल्या संमिश्रात ग्राफाइट घासताना पृष्ठभागावर पसरते आणि वंगणाचे काम करते. पण ते मऊ आहे. त्याचे प्रमाण वाढवत नेले की ताणबल घटते. शिवाय ॲल्युमिनियमचा रस त्याला सहजी धरत नाही, कण वर तरंगतात. १९६०च्या दशकात धातुशास्त्रज्ञ प्रदीप रोहतगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलचा मुलामा दिलेले कण रसात मिसळून वाट काढली.

मुंबईकरांनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट इथे आहे. ग्राफाइटला निसरडेपणा येण्यासाठी हवेत बाष्प लागते. अतिउंचावरच्या कोरड्या, विरळ हवेत विमानांच्या जनित्रांतले कार्बन ब्रश झपाट्याने झिजू लागले, तेव्हा हे ध्यानात आले. उलट, रस फार तापला आणि ॲल्युमिनियम कार्बाइड तयार झाले, तर तेच बाष्प त्या ठिसूळ कार्बाइडला पोखरते. आपली दमट हवा झीज रोखते आणि चुकीच्या ओतकामाची बळकटीही खाते.

म्हणून संशोधकांना माझी आग्रहाची विनंती आहे. झिजेचा आकडा मांडाल तेव्हा त्याच नमुन्याचे ताणबल शेजारी मांडा आणि चाचणीच्या वेळची आर्द्रता जरूर नोंदवा. ओतशाळेतल्या माणसाला हे तिन्ही आकडे एकत्र मिळाले, तरच तो आपल्या संशोधनावर विसंबून पिस्टन किंवा बुश ओतू शकेल.