दूरच्या लेकरांसाठी धाव

(मठाच्या वर्धापनोत्सवात वडगाव येथे झालेले भाषण)



मठाचा वर्धापनदिन म्हटला की पालखी, प्रवचन, प्रसाद आणि रात्रीचे भजन असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्या चित्रात धावण्याला जागा कोठली, असा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींना पडणे स्वाभाविक आहे. परंतु अलीकडे शहरांतून एक नवी रीत रुजली असून ती हळूहळू गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. पहाटेच्या वेळी लहानथोर माणसे ठराविक अंतर धावतात. प्रत्येक धावणारा आपल्या आप्तेष्टांकडून आधीच वचन घेऊन ठेवतो, की एवढे अंतर पुरे झाले तर एवढे रुपये सत्कार्याला द्यावेत. मुंबईत २००४ पासून जानेवारी महिन्यात भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये कितीतरी सेवाभावी संस्था याच मार्गाने निधी उभा करतात.

येथपर्यंत कोणाची हरकत नसते. हरकत येते ती पुढे. हा निधी परदेशातील आपद्ग्रस्त मुलांसाठी द्यावा, असे कोणी सुचवले की सभेत चुळबुळ सुरू होते. वडगावच्या गल्लीत मागाचा खडखडाट थांबला की त्या घरातल्या चुलीची काळजी सुरू होते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायांनी आपली मुले कशी वाढवली, तेही कोणाला सांगावयास नको. मग दारातले लेकरू सोडून समुद्रापलीकडच्या लेकरासाठी धावायचे कशाला? हा प्रश्न कोत्या मनाचा नाही. तो पोटतिडकीने विचारला जातो आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे मठाच्या व्यासपीठाला शोभणारे नाही.

आधी धावण्याविषयी. पैसेच द्यावयाचे तर सरळ द्यावेत, घाम कशासाठी गाळावा, असे पुष्कळांना वाटते. शरणपरंपरेत वाढलेल्या मनुष्याला मात्र याचे उत्तर शोधावे लागत नाही. बाराव्या शतकात कल्याणनगरीत बसवेश्वरांनी आणि त्यांच्या सहकारी शरणांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द एकमेकांना जोडून दिले. अंग झिजवून मिळवावे आणि मिळवलेले समाजाच्या पंक्तीत वाढावे. आय्दक्की मारय्यांची कथा या भागात घरोघर माहीत आहे. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणावेत आणि त्यांवर जंगमांचे दासोह चालवावे, हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले. पत्नी लक्कम्मा यांनी ते शिजवण्यास नकार दिला आणि अधिकाचे तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. दान किती मोठे, यापेक्षा ते कोणत्या श्रमातून आले आणि त्यात लोभाचा अंश किती, हे पाहणारी ही दृष्टी आहे. धावणारा मुलगा स्वतःच्या खिशातून फारसे देऊ शकत नाही. तो आपले श्रम देतो आणि त्या श्रमाच्या बळावर दुसऱ्याच्या गाठीचा रुपया मोकळा करतो.

ही रीत आज जगभर पसरली आहे, त्यामागे कॅनडातील एका तरुणाचा वाटा मोठा आहे. टेरी फॉक्स हे त्याचे नाव. कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत काढावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे धावू लागला. कर्करोगावरील संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. रोग छातीत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले आणि पुढील वर्षी जूनमध्ये त्याचे निधन झाले. परंतु त्यापूर्वी माणशी एक डॉलर जमला होता. पुढे २५ मे १९८६ रोजी आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी ८९ देशांतील सुमारे २ कोटी माणसे एकाच दिवशी धावली. त्या धावेची ज्योत घेऊन निघालेला ओमर खलीफा हा धावपटू सुदानचा, म्हणजे दुष्काळ पडलेल्या देशाचाच होता. ज्यांच्यासाठी धावायचे त्यांच्यातीलच एक जण सर्वांच्या पुढे, ही योजना फार समर्पक म्हटली पाहिजे.

आता परक्या लेकरांविषयी. पहिले महायुद्ध संपले तरी इंग्लंड आणि त्याच्या मित्रराष्ट्रांनी शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी उठवली नव्हती. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील मुले अन्नावाचून खंगत होती. १९१९ साली एग्लंटाइन जेब या बाईंनी उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे चित्र असलेली पत्रके लंडनच्या चौकात वाटली. त्याबद्दल त्यांना अटक झाली आणि न्यायालयाने पाच पौंड दंड ठोठावला. त्यांच्याविरुद्ध सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलानेच ते पाच पौंड आपल्या खिशातून काढून दिले, असे सांगतात. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या भगिनींनी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था काढली. योगायोग असा की १९१९ हेच रयत शिक्षण संस्थेच्या स्थापनेचे वर्ष. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एकीने शत्रूचे मूल आपले मानले, दुसरीने सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली. या दोन बायांना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

थोडे व्यवहाराचेही बोलले पाहिजे, कारण सत्कार्य बहुधा व्यवहारात बिघडते. धावेचा निधी सदरे, टोप्या, फलक आणि पाहुण्यांच्या हारतुऱ्यांत खर्ची पडू लागला, तर लक्कम्मांनी परत पाठवले असते असेच ते तांदूळ होत. सदऱ्यांचा खर्च निराळ्या देणगीतून करावा. धावणाऱ्याच्या नावाने आलेला रुपया मुलाच्या नावावरच राहिला पाहिजे. शिवाय येथील धर्मादाय संस्थेने आपले उत्पन्न देशाबाहेर खर्च केले तर त्यावर करमाफी सहजासहजी मिळत नाही; त्यासाठी वरिष्ठ कर खात्याची मान्यता लागते. म्हणून परदेशी काम करण्याचा अधिकार असलेल्या मान्यताप्राप्त संस्थेचीच निवड करावी, पावती घ्यावी आणि सारा हिशेब मठाच्या फलकावर लावावा. हिशेब मागणाऱ्यास कोणी नास्तिक म्हणू नये.

परंतु दारातले लेकरू की दूरचे, या मूळ प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लंडनला अथवा कॅनडाला जाण्याचे कारण नाही. निपाणीहून उत्तरेस कोल्हापूरच्या रस्त्याला लागले की पुरे.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला आणि १९४०-४१ मध्ये तेथील लक्षावधी माणसे सैबेरिया व कझाकस्तानकडे हाकलून दिली. थंडी, भूक आणि साथीचे रोग यांनी घरेच्या घरे बसली. मागे राहिलेल्या मुलांना कोणता देश घेणार, हा प्रश्न होता. १९४२ साली त्यांच्यातील काही मुलांना मालमोटारींतून अश्काबाद, मशहद, झाहेदान आणि क्वेट्टा अशा दूरच्या वाटेने हिंदुस्थानात आणण्यात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकिनारी त्यांची छावणी वसवली. त्यांच्या पालनासाठी संस्थानिकांनी आणि इतर दात्यांनी निधी दिला. आपण अनाथ आहोत असे या मुलांनी समजू नये, जामसाहेबच त्यांचे बापू आहेत, असा धीर त्यांना देण्यात आला.

त्याहून मोठी वस्ती उभी राहिली ती कोल्हापूरजवळ वळिवडे येथे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. बैठ्या बराकी, शाळा, रुग्णालय, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह असे एक लहानसे गावच पंचगंगेच्या मुलखात वसले. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी उठली तेव्हा तेथील मुलेही वळिवड्यास आली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. या वस्तीचा खर्च मुख्यतः लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारने उचलला होता. कोल्हापूरने आपल्या तिजोरीतून सर्वांना पोसले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कोल्हापूरने दिली ती जागा आणि शेजार. पण तो काळ कोणता होता? १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. लाखो माणसे अन्नावाचून मेली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. 'आमच्याच पोरांना पुरत नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्या वर्षीच्या हिंदुस्थानाला होता. अशा काळात भाषा निराळी, धर्म निराळा, वर्ण निराळा असे पाच हजार जीव शेजारी येऊन राहिले, बाजारहाट करू लागले, त्यांतले काही याच मातीत पुरले गेले. कोल्हापुरात त्यांची थडगी आहेत.

या शेजाराची आठवण पोलंडने जपली. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावे 'भल्या महाराजांचा चौक' आहे आणि कोल्हापूरचे स्मारकही आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. २०१९ साली त्या काळातील मुले, आता नव्वदीच्या घरात पोहोचलेली, पुन्हा कोल्हापुरास येऊन गेली. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध भडकले, तेव्हा तेथे शिकणाऱ्या कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसावाचून आपल्या हद्दीत घेतले. काही जण याला ऋण फेडले असे म्हणतात. तसे म्हणण्याचा मोह आवरावा हे बरे. १९४३ साली कोणी परतफेडीचा हिशेब मांडून बराकींचे दार उघडले नव्हते.

पोलिश कुटुंबे १९४८ पर्यंत निघून गेली. त्याच सुमारास फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे या मुलखात येत होती. त्यांना जागा मिळाली ती वळिवड्याच्या त्याच बराकींत. दूरच्या लेकरांसाठी उभारलेल्या छपराखाली आपल्याच देशाची लेकरे निजली. ती वस्ती म्हणजे आजचे गांधीनगर. ठोक भावाने कापड घेण्यासाठी बेळगाव-निपाणीचे व्यापारी आजही तेथे जातात, आणि लग्नसराईत वडगावच्या आयाबहिणीही मुलाबाळांसह त्याच गल्ल्यांतून साड्या पाहत हिंडतात.