घुमारा आणि त्याची चावी



विजापूरच्या गोलघुमटात ज्याने एकदा टाळी वाजवली असेल त्याला प्रतिध्वनी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. टाळी एक, पण ऐकू येतात अनेक. मौज वाटते खरी. परंतु तेथे कोणी अभंग म्हणू लागला तर मागचा शब्द पुढच्या शब्दावर येऊन आदळतो आणि अर्थ हरवतो. कारण घुमट गवयाचे ऐकत नाही.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हा घुमारा हवा होता, पण आपल्या हुकमतीत हवा होता. प्रथम त्यांनी रिकाम्या खोल्या वापरल्या. 1957 साली जर्मनीत पोलादाचा मोठा पातळ पत्रा टांगून घुमारा काढण्याचे यंत्र निघाले. 1976 च्या सुमारास तेच काम अंकांच्या हिशेबाने करणारे यंत्र आले. आज ते एका लहानशा पेटीत मावते. या पेटीला इफेक्ट प्रोसेसर म्हणतात.

आता अडचण पाहा. गाणे चालू असता पेटीची बटणे फिरवायची कोणी? एकदा हात बरोबर फिरला, तरी दुसऱ्या वेळी तसाच फिरेल याची हमी काय? या प्रश्नाचे उत्तर मिडी या पद्धतीने दिले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा आहे. 1983 च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये या पद्धतीने एकमेकांना जोडून दाखविण्यात आली.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. जाते ती आज्ञा. कीर्तनकार मृदंग्याकडे नुसता कटाक्ष टाकतो आणि मृदंग्या ठेका बदलतो, तद्वतच हे आहे. एका तारेवर सोळा वाटा असतात. धाडणारा आणि पेटी एकाच वाटेवर नसतील तर आज्ञा व्यर्थ जाते. एका प्रकारच्या आज्ञेने पेटीतील अख्खी मांडणी बदलते. दुसऱ्या प्रकारच्या आज्ञेने एकच बटण 0 ते 127 पर्यंत फिरते. मात्र कोणत्या क्रमांकाने कोणते बटण फिरावे, हे आधी पेटीत ठरवून द्यावे लागते. तिसरी आज्ञा लयीची. ती एका मात्रेत 24 ठोके धाडते आणि पेटी आपला प्रतिध्वनी त्या लयीला बांधून घेते. मिनिटाला 120 मात्रा असतील तर प्रतिध्वनी बरोबर अर्ध्या सेकंदाने येतो. या साऱ्या आज्ञा संगणकात साठवता येतात आणि पुन्हा हव्या तितक्या वेळा जशाच्या तशा धाडता येतात.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. आता आपल्या घरची.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या यावलीस 1909 साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन म्हणून गावे जागी केली. त्या भजनात खंजिरी होती, ठेका होता. पण सारा भार शब्दावर होता. आज गावोगाव भजने मुद्रित होतात, आणि पुष्कळदा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत घुमारा एकसारखा उघडा सोडलेला असतो. घुमारा वाढला म्हणजे भक्ती वाढली, असा समज झाला आहे. शब्द मात्र त्यात बुडून जातो.

वरूडच्या श्रोत्यांना एका बागेचाच दाखला देतो. संत्र्याला बारमाही पाणी देत राहिलो तर आंबिया बहर नीट फुटत नाही. आधी ताण द्यावा लागतो. मग पाणी सोडले की झाड फुलते. घुमाऱ्याचेही असेच आहे. चरण चालू असता तो 20 वर ठेवावा. चरण संपून टाळ उरले की 90 वर न्यावा. पुढचा शब्द येण्यापूर्वी पुन्हा खाली आणावा. हे मिडीने बिनचूक साधते.

एक सावधगिरी मात्र हवी. खंजिरी वाजवणारा उत्साहाने लय वाढवतो. त्याला यंत्राच्या ठोक्याला जखडू नये. अशा वेळी लयीचे बंधन सोडून घुमाऱ्याचे बटण हातानेच फिरवावे आणि हाताची ती हालचाल साठवून ठेवावी.

सारांश, यंत्र आज्ञा पाळते. आज्ञा कोणती द्यावी हे त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी भजनाचा अर्थ कळावा लागतो. पाण्याची चावी ज्याच्या हाती, त्याला बहर ओळखता आला पाहिजे.