प्रवाळांचे बिऱ्हाड



प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ती चिमुकल्या प्राण्यांची चाळ आहे. ज्याची त्याची खोली, भिंती सामाईक. २०२० साली सागरी किनारा मार्गाच्या आड वरळी-हाजीअलीच्या खडकांवरील अशा १८ वसाहती आल्या. वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्यामुळे रीतसर परवानगी काढून, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सल्ल्याने त्या हलवल्या. काही हाजीअलीलाच, काही कुलाब्याच्या नेव्हीनगरला. पुढील तपासणीत बहुतेक जिवंत आढळल्या. हे चांगलेच झाले.

पण बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे आम्हा गिरणगावकरांना ठाऊक आहे. नुसती जागा मिळून भागत नाही. प्रवाळाला वाहते पाणी हवे. गाळ साचला की ते गुदमरते. म्हणून किती हलवली एवढ्यावर थांबू नका. दहा वर्षांनी किती उरली, तोही हिशेब मागा.